बोटांचं पदलालित्य

टेकन या फायटिंग गेमचा, म्हणजे मारामारीच्या व्हिडिओ गेमचा, चांगला सामना पहिल्यांदाच पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. पडद्यावर दोन धिप्पाड योद्धे समोरासमोर उभे आहेत, वरचं घड्याळ उलटं धावतंय आणि कुणीच कुणाला मारत नाही. एक मागे सरकतो. दुसरा अर्धं पाऊल पुढे येतो, थबकतो, तोही मागे जातो. पहिला कडेला सटकतो आणि पुन्हा मागे. चार-पाच सेकंद अशीच जातात. मग एकाची लाथ हवेत हुकते, तो पाय जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्याने त्याला उचललेलं असतं, आणि पाहता पाहता त्याची अर्धी ताकद संपलेली असते. नवख्याला वाटतं, आता कुठे खेळ सुरू झाला. जाणकाराच्या लेखी मात्र तो खेळ त्या चार-पाच सेकंदांच्या सरकासरकीतच निकाली निघालेला असतो.

मराठी क्रिकेट समालोचनाने फलंदाजाच्या पायांसाठी ‘पदलालित्य’ हा शब्द घरोघर पोहोचवला. चेंडू सीमेपार गेला की टाळ्या बॅटला पडतात, पण तो फटका पायांनी आधीच घडवलेला असतो, हे त्या एका शब्दाने श्रोत्यांना शिकवलं. कबड्डीतल्या चढाईकडे आणि खो-खोतल्या हुलकावणीकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. व्हिडिओ गेमकडे पाहताना ही नजर हरवते. तिथे दिसतात फक्त ठोसे, आणि मुलांनी केलेली बटणांची बडवाबडवी. देशाने ई-स्पोर्ट्सना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली असताना ही नजर तातडीने बदलायला हवी. या खेळांत शिकण्यासारखं जे आहे ते मारण्यापेक्षा हालचालीत जास्त आहे, आणि ते शिकायला माणसं शेजारी बसावी लागतात.

आधी हालचालीचं एवढं महत्त्व का, ते पाहू. टेकनमध्ये एका सेकंदाचे ६० तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फ्रेम, पडद्यावर उमटणारं एक चित्र. सर्वांत जलद ठोसा, साधा जॅब, बहुतेक पात्रांच्या हाती दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ओळखायचं आणि बोटाने हलायचं, एवढ्याला माणसाला साधारण सेकंदाचा चौथा ते पाचवा भाग लागतो. त्यामुळे जॅब पाहून अडवणं कुणालाच शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही. ज्याची प्रतिक्षिप्त क्रिया जलद तोच जिंकतो, हा समज इथेच कोसळतो.

उरतं ते अंतर. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा जिथे पोहोचतो त्याच्या एक वीतभर बाहेर उभं राहायचं. तो मारेल, हात रिकामा जाईल, आणि तो हात मागे घेईपर्यंतचे काही फ्रेम तो उघडा पडेल. तेवढ्यात आत शिरून वार करायचा. फार लांब राहिलं तर त्याचा वार हुकूनही आपला पोहोचत नाही, आणि फार जवळ राहिलं तर त्याचा लागतो. ही वीतभर जागा सतत बदलत असते, कारण समोरचाही तिच्याच शोधात असतो. चांगल्या सामन्यातली सरकासरक म्हणजे या जागेसाठीची झटापट.

आणि इथेच खेळाडूंनी एक युक्ती शोधली.

टेकनमध्ये ‘मागे’ ही दिशा दोनदा पटकन दाबली की पात्र झपकन मागे उडी घेतं. पण या उडीला स्वतःचा वेळ असतो. ती सुरू असताना लगेच दुसरी घेता येत नाही. ‘मागे-मागे’ कितीही घाईने दाबलं तरी पात्र आपल्याच लयीत, थांबे घेत मागे जातं, आणि नेमका त्या थांब्यावर समोरच्याचा वार येऊन बसतो. यावरचा तोडगा म्हणजे ‘कोरियन बॅकडॅश’. उडी सुरू झाली की ती पुरती व्हायच्या आत लिव्हर, म्हणजे पात्राला दिशा देणारा दांडा, ‘खाली-मागे’च्या कोपऱ्याला टेकवायचा. खेळाच्या भाषेत हा बसण्याचा हुकूम. पात्र बसू लागतं आणि उडीचं शेपूट कापलं जातं. पण बसणंही पुरं होऊ द्यायचं नाही. लिव्हर लगेच परत ‘मागे’वर आणून नव्या उडीचा हुकूम द्यायचा, ती सुरू झाली की पुन्हा कोपरा, पुन्हा मागे. उडीने बसणं कापायचं, बसण्याने उडी कापायची. नीट जमलं की पात्राचे थांबे पुसले जातात आणि ते ओल्या फरशीवरून ओढल्यासारखं सलग मागे सरकतं.

सांगायला चार ओळी लागल्या. हाताला बसायला महिने लागतात.

पहिल्या संध्याकाळी काय होतं, ते शिकणारा प्रत्येक जण सांगेल. पात्र एक तर नुसतंच बसून राहतं, नाही तर मध्येच आकाशात उडी मारतं, कारण घाईत लिव्हर वरच्या कोपऱ्याला लागलेला असतो. खेळाच्या सराव विभागात दाबलेल्या प्रत्येक दिशेचा बाण पडद्याच्या कडेला उमटतो. शिकणारा योद्ध्याकडे पाहणं सोडून त्या बाणांच्या रांगेकडे पाहू लागतो, तिथे त्याचं खरं शिक्षण सुरू होतं. हवे होते तितके बाण आलेत का? तिरका बाण कुठे गेला? हाताला वाटतंय की कोपरा लागला, पण रांगेत त्याचा पत्ता नाही. म्हणजे बोटाची आठवण खोटी आणि पडद्यावरची नोंद खरी. मग वेग निम्म्यावर आणायचा, एकेक बाण पाडायचा, आणि सगळे बाण न चुकता पडू लागले की वेग कणाकणाने वाढवायचा.

आठवडाभराने ते जमतं. मग पात्रं बाजू बदलतात आणि सगळं पुन्हा शून्यावर येतं. पडद्याच्या डाव्या बाजूला उभं असताना ‘मागे’ म्हणजे डावीकडे. उजव्या बाजूला गेलं की तेच ‘मागे’ उजवीकडे होतं. मनगटाचे वेगळेच स्नायू कामाला लागतात. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचीही एक बाजू सरस आणि दुसरी कच्ची असते. समोरच्याला ते कळलं, तर तो मुद्दाम अशी चाल करतो की बाजू बदलावी.

साधनाचाही इथे वाटा आहे. जपानी बनावटीच्या लिव्हरला आत स्प्रिंग असते आणि त्याचा दांडा बहुधा चौकोनी चौकटीत फिरतो. कोपरा हाताला स्पष्ट लागतो. कोरियन लिव्हरमध्ये स्प्रिंगऐवजी रबरी कडं असतं आणि चौकट गोल असते. सोडला की दांडा चटकन मध्यावर परततो, त्यामुळे ‘मागे-मोकळं-मागे’ अशी थरथर त्यावर सहज उमटते. कोरियन खेळाडू परदेशातल्या स्पर्धांना स्वतःचा लिव्हर बरोबर घेऊन जातात, तो यामुळेच. गायक आपला तानपुरा नेतो, तसंच हे.

टेकनच्या मिशिमा घराण्यातल्या पात्रांची चाल तर याहून अवघड. पुढे, मोकळं, खाली, मग खाली-पुढे, या क्रमाने लिव्हर फिरवला की पात्र वाकून पुढे झेपावतं. तोच क्रम न थांबता पुन्हा पुन्हा केला की ते लाटेसारखं जमिनीलगत सरकत येतं. समोरच्याला कळत नाही की हा नुसता येतोय की मारणार आहे, कारण या घराण्याचा सर्वांत नावाजलेला ठोसा याच हालचालीच्या टोकाशी बसवलेला आहे. शेवटची दिशा आणि ठोशाचं बटण एकाच फ्रेमला पडलं तर हाताभोवती निळी वीज चमकते, आणि हा ठोसा अडवला गेला तरी मारणाऱ्याचं काही बिघडत नाही. बटण एक फ्रेम उशिरा पडलं तर वीज येत नाही, ठोसा साधा राहतो आणि अडवला गेला की शिक्षा मिळते. दोहोंतलं अंतर सेकंदाचा साठावा भाग. ज्याने हे हजारो वेळा चुकवलं आहे, त्याच्याच हातून ते दबावाखाली बरोबर येतं.

या युक्त्या खेळाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतून आल्या नाहीत. कोरियन बॅकडॅशला देशाचं नाव मिळालं ते कोरियातल्या आर्केडमधल्या पोरांमुळे. नाणं टाकायचं, हरलं की उठायचं आणि मागच्याला जागा द्यायची. प्रत्येक हार पैशाची असल्याने कुणी एखादी सरस चाल काढली की पाठीमागे उभा असलेला तिच्याकडे टक लावून पाही, आणि आठवड्याभरात ती गल्लीत पसरे. खेळ नाम्को कंपनीने जपानमध्ये घडवला, तो चालायचा कसा हे मात्र पुष्कळसं खेळणाऱ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या एका खेळाची गोष्ट याच्या जवळची आहे. निंटेंडोच्या सुपर स्मॅश ब्रदर्सचा २००१ सालचा भाग सर्व वयाच्या मुलांसाठी गमतीचा म्हणून काढला होता. त्यात हवेत असताना वार चुकवायची सोय होती. खेळाडूंच्या लक्षात आलं की उडी घेतल्या क्षणीच ही सोय जमिनीच्या दिशेने तिरकी वापरली, तर पात्र उभ्याउभ्या जमिनीवरून घसरत जातं, आणि घसरताना त्याला कुठलाही वार करता येतो. या चालीला ‘वेव्हडॅश’ नाव पडलं. खेळाचे कर्ते मासाहिरो साकुराई यांनी पुढे सांगितलं की खेळ तयार होत असतानाच ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. २००८ साली आलेल्या ‘ब्रॉल’ या पुढच्या भागातून ती काढून टाकली गेली, कारण नवखा आणि पट्टीचा यांच्यातली दरी त्यांना कमी करायची होती. शिवाय धावू लागलेलं पात्र मधूनच, कारण नसताना ठेचकाळून पडेल, अशी व्यवस्थाही केली गेली.

हेतू चांगला होता, निर्णय चुकला. स्पर्धा खेळणारे बहुतेक जुन्या भागाकडेच राहिले किंवा परतले. २०१३ साली अमेरिकेतल्या ‘इव्हो’ या मोठ्या स्पर्धेत एक खेळ वाढवायचा होता आणि तो स्तनांच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी सर्वाधिक देणगी गोळा करणाऱ्या खेळाला मिळणार होता. बारा वर्षं जुन्या त्या खेळाच्या चाहत्यांनी ९४ हजारांहून अधिक डॉलर जमवले आणि जागा जिंकली. विनाकारण पडण्याची ती व्यवस्था २०१४च्या भागातून निंटेंडोनेच काढली. ज्या खेळात शिकायला काही उरतं तो जुना होत नाही, हे खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून दाखवलं. (या चालींची एक बाजू काळजीची आहे, तीही सांगायला हवी. त्या जुन्या भागाच्या काही नामांकित खेळाडूंची मनगटं दुखावली आहेत. तालमीत जसं अंग मोडेपर्यंत जोर मारू देत नाहीत, तसं इथेही कुणीतरी ‘आता थांब’ म्हणणारं लागतं.)

आता शेजारी बसून शिकण्याचं महत्त्व. त्यासाठी लाहोर.

फेब्रुवारी २०१९. जपानमधल्या फुकुओका शहरात इव्होची जपानी आवृत्ती भरली होती. टेकन ७साठी कोरिया आणि जपानचे सगळे दिग्गज आले होते. तिथे व्हिसाच्या आणि विमानांच्या अडचणी पार करत लाहोरचा अर्सलान सिद्दीक, खेळातलं नाव अर्सलान अ‍ॅश, ऐन वेळी पोहोचला. बाहेरच्या जगात त्याला ओळखणारे फार थोडे. त्याने ती स्पर्धा जिंकली. जिंकल्यावर तो जे बोलला त्याने टेकनच्या जगाला आणखी मोठा धक्का बसला: आपल्यासारखे, आपल्या तोडीचे खेळाडू पाकिस्तानात आणखी आहेत. काहींना ती बढाई वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मुख्य स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात बे जे-मिन याला, म्हणजे ‘नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोरियन दिग्गजाला हरवलं. २०२३ आणि २०२४ साली ती स्पर्धा पुन्हा त्याच्याकडेच गेली. आणि पाकिस्तानचाच आतिफ बट टेकन वर्ल्ड टूरच्या २०२२च्या हंगामाचा विजेता ठरला, तेव्हा अर्सलान खरं बोलत होता हे सर्वांना पटलं.

या यशाचं कारण फार लोकांनी चुकीच्या जागी शोधलं. पाकिस्तानात वेगवान इंटरनेट नव्हतं, मोठे प्रायोजक नव्हते, घरोघरी महागडे कन्सोलही नव्हते. नेमकं त्यामुळेच तिथली व्हिडिओ गेमची दुकानं टिकली. टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, हरलं की उठायचं. अर्सलान स्वतः ‘किंग ऑफ फायटर्स’ या दुसऱ्याच खेळातून टेकनकडे आला. एका दुकानात शिकलेली चाल दुसऱ्या दुकानात आणि एका शहरातली दुसऱ्या शहरात जात राहिली. बाहेर कुणाला पत्ता नसताना तिथे शेकडो हात एकमेकांना घासून तयार होत होते. कोरियात वीस वर्षांपूर्वी जे घडलं होतं, तेच पाकिस्तानी पंजाबात पुन्हा घडलं.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या एका पिढीला स्वतःच्या गल्लीतलं दुकान आठवेल. मुंबई-पुण्यात आणि कितीतरी तालुक्यांच्या गावांत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ गेम पार्लर होती. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासावर पैसे आणि भिंतीला टेकून ‘माझा नंबर कधी’ म्हणून उभी असलेली पोरं. टेकन ३ आर्केडमध्ये १९९७ला आणि प्लेस्टेशनवर १९९८ला आला आणि या दुकानांचा राजा झाला. हातातल्या कंट्रोलरला सगळे रिमोट म्हणत. एडी गॉर्डो हे कपोएरा खेळणारं ब्राझिलियन पात्र घेऊन लाथांची दोन बटणं नुसती बडवली तरी समोरचा हैराण होई, म्हणून पैज लागली की आधी ठरे: ‘एडी घ्यायचा नाही.’

तो नियम आठवणीतला म्हणून गोड वाटतो, पण त्यात आपल्या वाटा कुठे फुटल्या तेही दिसतं. एडीच्या लाथा हुकवायच्या कशा, अंतर किती ठेवायचं, कडेला केव्हा सटकायचं, हे शोधण्याऐवजी आपण एडीलाच बाद केलं. टेकन ३मध्ये प्रत्येक पात्राला बाजूला सरकण्याची सोय पहिल्यांदाच मिळाली होती. बहुतेक दुकानांत तिचा उपयोग कुणी केला नाही, कारण सांगणारं कुणी नव्हतं. दोष पोरांचा नव्हता. शाळा बुडवून जाण्याची जागा एवढीच त्या दुकानांची ओळख होती. घरी खोटं बोलून तासाभरासाठी आलेला मुलगा मागे सरकायचा सराव कशाला करेल? त्याला पैसे वसूल करायचे होते. मुली तर त्या दारातून आतच आल्या नाहीत. पुढे घरी कॉम्प्युटर आले, २०१६नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि ती दुकानं एकेक करून बंद पडली. आपल्याकडे लाहोर घडायला लागणारी जागा होती. ती गेली तेव्हा कुणाला हळहळही वाटली नाही.

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचंही इथे चुकतं आहे. नवा खेळाडू लवकर रमावा म्हणून हालचालीची किंमत कमी करून हल्ल्याची वाढवण्याकडे त्यांचा कल दिसतो. टेकनने हा प्रयोग आधीही केला होता. २००१च्या टेकन ४मध्ये उंचसखल जमीन आणि भिंती आल्या, मागे सरकणं कमजोर केलं गेलं, आणि जुने खेळाडू नाराज झाले. भिंतींची कल्पना चांगली होती, ती टिकली; हालचाल मात्र पुढच्या भागात सुधारावी लागली. जानेवारी २०२४ला आलेल्या टेकन ८चा भरच आक्रमणावर आहे. एप्रिल २०२५ला त्यात दुसऱ्या हंगामाचे बदल आले तेव्हा मागे सरकून, कडेला होऊन वाचण्याची जागाच उरली नाही, असं म्हणत खेळाडूंनी स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर नापसंतीचा पाऊस पाडला आणि कंपनीला तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. तक्रार अवघडपणाची नव्हती. मेहनत करून कमावलेल्या गोष्टीचं मोल काढून घेतल्याची ती तक्रार होती.

सोपी बटणं देण्याला विरोध करण्याचं कारण नाही. जून २०२३च्या स्ट्रीट फायटर ६मध्ये एका बटणात अवघड वार करायची ‘मॉडर्न’ पद्धत आहे, टेकन ८मध्येही तशी सोय आहे. हाताला अपंगत्व असलेल्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना त्याने दार उघडतं, ते उघडायलाच हवं. मात्र आत आलेल्याला पुढे जायला जिना हवा. पाच वर्षं खेळलेल्याला आणि पाच दिवस खेळलेल्याला एकाच पायरीवर उभं करून कुणाचंच भलं होत नाही. नवख्याचंही नाही, कारण त्याला पुढे काय शिकायचं तेच दिसेनासं होतं.

भारतात आता कागदावर सगळं अनुकूल आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२३मध्ये चीनमधल्या हांगझोउला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. तिथे स्ट्रीट फायटर ५मध्ये मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले. पदक मिळालं नाही. सुवर्ण जिंकलं कोरियाच्या किम ग्वान-वू याने, वयाच्या ४४व्या वर्षी. हा पोरांचा खेळ आणि पोरांच्याच बोटांचं काम, असं म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात ठेवावं. किमने आर्केडच्या काळात कमावलेलं अंतराचं भान विशीतल्या बोटांना पुरून उरलं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांच्यापासून वेगळं काढून स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. पालकांच्या मनातला जुगार आणि खेळ यांचा घोळ सुटायला त्याने मदत होईल.

पण मान्यता मिळाली की आपल्याकडे पहिला विचार बक्षिसाच्या रकमेचा आणि भव्य मंचाचा होतो. ई-स्पोर्ट्स म्हटलं की डोळ्यांपुढे मोबाइलवरचे बंदुकांचे खेळ येतात. त्यांत पैसा आहे, प्रेक्षक आहेत, त्यांचं ते पाहून घेतील. फायटिंग गेमची गरज वेगळी आणि फार स्वस्त आहे. एक खोली, दोन पडदे, दोन कन्सोल, चार लिव्हर आणि आठवड्यातला एक ठरलेला वार. महाविद्यालयांच्या जिमखान्यात कॅरम आणि टेबल टेनिसची खोली असते, तिच्या शेजारी ही बसू शकते. सार्वजनिक वाचनालयांच्या रिकाम्या सभागृहांत शनिवारी संध्याकाळी बसू शकते. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम म्हणजे नुसती माती नसते. वस्ताद असतो, जुने मल्ल कडेला बसून पाहत असतात आणि नव्या पोराचा पवित्रा चुकला की तिथल्या तिथे टोकतात. ऑनलाइन सामन्यात हरवणारा लगेच निघून जातो, शेजारी बसून हरवणारा चूक दाखवतो. ही खोली उजेडात, मोठ्यांच्या ओळखीची आणि मुलींनाही निःसंकोच येता येईल अशी असली, तर जुन्या पार्लरला जे जमलं नाही ते तिला जमेल.

वेळ वाया जाण्याची पालकांची भीती खोटी नाही. तिचं उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. टेकनची एक फेरी ६० सेकंदांची, तीन फेऱ्या जिंकल्या की सामना संपतो. मोबाइलवरचे पुष्कळ खेळ रोज हजेरी लावायला लावतात, गेलं नाही तर काहीतरी बुडतं. इथे तसं काही नाही. आठवडाभर हात लावला नाही तरी बोटांनी कमावलेलं कुणी काढून घेत नाही. आणि आपलीच चूक बाणांच्या रांगेत स्वच्छ उमटलेली पाहायची, ती कबूल करायची आणि वेग कमी करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, ही सवय चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागली तर कुठल्या आईबापाला नको आहे?

फुकुओकानंतर कोरियाचा नी स्वतः पाकिस्तानात गेला होता. वीसएक वर्षं हा खेळ खेळलेला, पुष्कळ काही जिंकून झालेला माणूस अनोळखी देशात जाऊन तिथल्या पोरांशी खेळला, कारण त्याला पाहायचं होतं की हे शिकतात कसे. असा पाहुणा पुण्यात, नाशकात किंवा मडगावात यावा असं वाटत असेल, तर त्याला दाखवायला आधी ती खोली हवी. खोलीत फार काही लागत नाही. नववीतली एखादी मुलगी लिव्हर धरून बसलेली, पात्र पुन्हा पुन्हा नुसतंच खाली बसतंय, कपाळावर आठ्या. शेजारच्या खुर्चीवर तिला आत्ताच तीन-शून्यने हरवलेला दादा. तो पडद्याच्या कडेला बोट ठेवतो.

‘हे बघ, तुझा तिरका बाणच पडत नाहीये. सावकाश कर. मी थांबलोय.’